कानाची तपासणी नॉर्मल, तरी सगळे आवाज एकदम आत का येतात?

ताई, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतले आहेत, ते आधी सुटे करतो. भाऊ सव्वीस वर्षांचा. दीड वर्षापूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, गोळ्या नियमित आहेत, कोणी नसताना ऐकू येणारं बोलणं बरंच कमी झालं आहे. पण मिक्सर लागला की तो उठून मागच्या दाराने बाहेर जातो, जेटीवर मासळीच्या लिलावाला दोन मिनिटंही उभा राहत नाही, आणि विचारलं तर एवढंच म्हणतो, "सगळं एकदम आत येतं." कानाची तपासणी नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाले, मेंदूची चाळणी बिघडली आहे. आता तुम्हाला हवं आहे ते असं: ही चाळणी म्हणजे नेमकं काय, मुंबईला नेऊन तिची तपासणी करता येईल का, आणि महिन्यावर गणपती आले आहेत, घरात चारची वीस माणसं होणार, तेव्हा त्याचं कसं करायचं.

त्याआधी शब्दांचा एक घोळ मिटवू. "त्याला आवाजाचा त्रास होतो" या वाक्यात मराठीत दोन वेगळ्या गोष्टी बसतात. एक, कोणी नसताना ऐकू येणारं बोलणं. दुसरी, खरोखर होत असलेला आवाज नको इतका जाणवणं. दवाखान्यात हा घोळ फार होतो. घरचे सांगतात "आवाज वाढलेत", डॉक्टर समजतात भास वाढले, आणि गोळी वाढते. प्रत्यक्षात शेजारच्या बांधकामावर दिवसभर चिरे कापायचं मशीन चालू असतं. म्हणून खाली मी पहिल्याला भास म्हणतो आणि दुसऱ्याला आवाज. डॉक्टरांशी बोलताना तुम्हीही हे दोन शब्द वेगळे ठेवा.

आता चाळणी. हा शब्द चुकीचा नाही, पण अर्धाच बरोबर आहे. किनाऱ्यावरच्या घरात मुंबईहून आलेल्या पाहुण्याला पहिल्या रात्री समुद्राच्या गाजेने झोप लागत नाही. घरच्यांना त्या गाजेची आठवण करून द्यावी लागते. कानावर दोघांच्याही तेवढंच पडतं, पण घरच्यांच्या मेंदूने "हे नेहमीचं" असा शिक्का मारून ते मागे सारलेलं असतं. ही झाली चाळणी. आता दुसरी बाजू बघा. ट्रॉलरवर इंजिनच्या धडधडीत गाढ झोपलेला तांडेल, म्हणजे नावेचा प्रमुख, इंजिनचा सूर किंचित बदलला की टक्क जागा होतो. इंजिन बंद पडलं, म्हणजे आवाज थांबला, तरीही जागा होतो. म्हणजे झोपेतही मेंदू "आता पुढे काय ऐकू येणार" याचा अंदाज बांधत होता, आणि अंदाज चुकताच त्याने हाक मारली.

नेहमीचं मागे सारणं आणि बदललेलं पुढे आणणं ही दोन कामं वरवर उलटी दिसतात, पण दोन्हींच्या मुळाशी तो अंदाजच आहे. स्किझोफ्रेनियात नेमकी हीच दोन्ही कामं ढिली पडतात. नको ते पुरेसं दबत नाही, आणि हवं ते पुरेसं उठून येत नाही. नुसती चाळणी फाटली असती तर भावाला सगळंच जास्त ऐकू आलं असतं. पण तुम्हीच लिहिलं आहे की समोरून हाक मारली तरी कधी कधी त्याला कळत नाही. घरच्यांना ते ढोंग वाटतं, "मिक्सर ऐकू येतो आणि आईची हाक नाही?" अशी कुरबुर होते. मला विचाराल तर या आजारातली सगळ्यात जास्त गैरसमज झालेली गोष्ट हीच असेल.

मग कानाची तपासणी नॉर्मल कशी? कारण ती वेगळाच प्रश्न विचारते. शांत खोलीत हेडफोन लावून साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे शुद्ध सूर एकेक करून वाजवतात आणि किती बारीक आवाजापर्यंत ऐकू येतं ते मोजतात. एका वेळी एकच सूर, बाकी शांतता. भावाची अडचण चार सूर एकत्र आल्यावर सुरू होते. बेरा नावाची तपासणी करून घ्या असंही कोणी सुचवेल. ती आवाजानंतरच्या पहिल्या दहा मिलिसेकंदांत (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) कानाची नस आणि मेंदूचा खालचा देठ काय करतो ते बघते. या आजारातली ठळक गडबड त्यानंतरची आहे, साधारण पन्नासाव्या मिलिसेकंदापासून पुढची. म्हणजे दारातली बेल ठीक वाजते, घोटाळा माजघरात आहे.

पन्नासाव्या मिलिसेकंदाला काय होतं ते मोजायची रीत साधी आहे. डोक्याला इलेक्ट्रोड लावून कानात "टक्" असा आवाज देतात आणि अर्ध्या सेकंदाने तसाच दुसरा. मग आठ-दहा सेकंद थांबून पुन्हा जोडी. अशा कितीतरी जोड्यांची सरासरी काढली की आलेखात एक छोटी लाट दिसते, तिला पी-५० म्हणतात. बहुतेक निरोगी लोकांत पहिल्या टकेला लाट मोठी येते आणि दुसरीला ती निम्म्याहूनही खाली उतरते. मेंदू जणू म्हणतो, "हे आत्ताच ऐकलं." स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांच्या गटात दुसरी लाट तेवढी उतरत नाही. अमेरिकेत डेन्व्हरला ॲडलर, फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हे दाखवलं. पुढे असाच कल रुग्णांच्या काही निरोगी सख्ख्या नातेवाइकांतही दिसला. म्हणजे हा गुण काही अंशी घराण्यातून येतो आणि तो एकटा असून आजार होत नाही.

अंदाज चुकल्याची खूण आणखी थोडी पुढे, साधारण १०० ते २५० मिलिसेकंदांच्या दरम्यान दिसते. माणूस मुका सिनेमा बघत बसलेला असतो आणि कानात एकसारखे सूर वाजत असतात. दहातला एखादा सूर जरा लांब किंवा जरा वरचा. तो ऐकायचाही नाही, मोजायचाही नाही. तरी निरोगी मेंदू त्या वेगळ्या सुराला खाली जाणारी एक लाट देतो. फिनलंडच्या न्याटानेन यांनी १९७८ मध्ये तिचं वर्णन केलं, नाव मिसमॅच निगेटिव्हिटी. स्किझोफ्रेनियात ती लहान होते, हे १९९१ पासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जुन्या आजारात ती जास्त लहान, सुरुवातीच्या काळात फरक कमी. या क्षेत्रातल्या इतर अनेक निष्कर्षांपेक्षा हा जास्त टिकला आहे. इथे लक्ष देण्याचा प्रश्नच नव्हता, हे महत्त्वाचं. सिनेमा बघणाऱ्याला कोणी सूर ऐकायला सांगितलेलंच नव्हतं. म्हणून "तो लक्षच देत नाही" या तक्रारीला काही अर्थ उरत नाही. लक्ष देण्याच्याही आधीची पायरी सैल आहे.

अंदाजाचा तिसरा प्रकार स्वतःच्या हालचालींचा. आपण बोलतो तेव्हा मेंदू बोलण्याच्या हुकमाची एक प्रत ऐकण्याच्या भागाकडेही पाठवतो: "आता येतोय तो माझाच आवाज." त्यामुळे बोलताना स्वतःच्या आवाजाला मिळणारा प्रतिसाद, साधारण शंभराव्या मिलिसेकंदाला, दबतो. तोच आवाज रेकॉर्ड करून ऐकवला तर दबत नाही. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्याचं कारणही हेच. स्किझोफ्रेनियात ही दाबणी कमी पडते. आपल्याच मनातला विचार परका का वाटू शकतो, याचं एक पटण्यासारखं स्पष्टीकरण इथे मिळतं. मी "एक" म्हणालो, कारण भासांचा सगळा उलगडा यातून होत नाही.

घरात सगळ्यात जास्त उपयोगी पडेल अशी गोष्ट मात्र या तिन्हींपेक्षा साधी आहे, आणि तिच्याबद्दल फार कोणी सांगत नाही. दोन सूर पाठोपाठ वाजवून "सारखे की वेगळे?" असं विचारलं, तर स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेकांना फरक ओळखायला तो जास्त मोठा असावा लागतो. आता माणसाच्या बोलण्यात राग, माया, थट्टा हे सगळं शब्दांपेक्षा सुरात असतं. सुराचा चढउतार नीट पकडता आला नाही तर शब्द तेवढे हातात राहतात. आणि आपलं कोकणातलं बोलणं तर बहुतेक सगळं सुरावर चालतं. दहाला उठलेल्या पोराला "या, साहेब उठले वाटतं!" म्हणण्यात माया आहे हे बाकीच्यांना कळतं. त्याला कदाचित नुसता टोमणा ऐकू येईल, किंवा अगदी शब्दशः, की मला साहेब का म्हणाले? संशय आणि भीती आधीच असलेल्या मनाला हे खाद्य पुरतं. तिरकस बोलणं हे आपलं वैभव आहे, मान्य. पण त्याच्याशी काही महिने सरळ बोला. रागावला असाल तर "मी रागावले आहे" असं शब्दांत सांगा. रागावलेल्या नसाल तर तेही शब्दांत सांगा, कारण सुरावरून ते त्याला कळेलच असं धरू नका.

डोळ्यांचंही थोडंफार असंच आहे. झटकन हलणारी, फिकट, ढोबळ आकृती पकडणारी जी दृष्टीची वाट असते तिचा प्रतिसाद या आजारात उतरलेला सापडतो. हलत्या वस्तूमागे नजर सरळ फिरण्याऐवजी अडखळत जाते, ही नोंद तर डायफेनडॉर्फ आणि डॉज यांनी १९०८ मध्येच केली होती. मुखवट्याची आतली, खोलगट बाजू दाखवली तर आपल्या सगळ्यांना ती फुगीर चेहऱ्यासारखीच दिसते, कारण "चेहरा फुगीरच असतो" हा मेंदूचा अंदाज डोळ्यांवर मात करतो. स्किझोफ्रेनिया असलेले बरेच जण मात्र ती खोलगट आहे हे बरोबर ओळखतात. इथे ते आपल्यापेक्षा खरं बघतात. लिलावाच्या जागी टोपल्या हलत असतात, ओल्या लादीवर ऊन चमकतं, चार जण एकाच वेळी भाव पुकारतात, वर वास. त्याला तिथे उभं राहवत नाही यात नवल नाही.

तुम्ही विचाराल, गोळ्या चालू आहेत तरी हे का? नेहमीच्या गोळ्या मुख्यतः मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या एका प्रकारच्या ग्राहकाला, म्हणजे ते जिथे चिकटून काम करतं त्या जागेला (रिसेप्टर), अडवतात. भास आणि संशय त्याने चांगले उतरतात, भावाचे उतरले आहेत. पण अंदाज बांधण्याचं काम बरंचसं ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनावर, त्यातही त्याच्या एनएमडीए नावाच्या ग्राहकावर चालतं. निरोगी माणसाला हा ग्राहक अडवणारं केटामीन हे भुलीचं औषध दिलं की त्याचीही मिसमॅचची लाट लहान होते. नेहमीच्या गोळ्यांनी ती फारशी सुधारत नाही. क्लोझापिन या एका औषधाने काहींमध्ये पी-५० थोडं सुधारलेलं दिसतं, पण केवळ आवाज सहन होत नाहीत म्हणून क्लोझापिन सुरू करत नाहीत. ते देण्याची कारणं वेगळी आहेत आणि त्यासोबत रक्ताची ठराविक तपासणी बांधलेली आहे. म्हणून एक विनंती: भास आटोक्यात असतील आणि फक्त आवाजाचा त्रास असेल, तर डोस वाढवून द्या असा आग्रह धरू नका. हाती फायदा फारसा लागणार नाही, सुस्ती मात्र वाढेल.

इथेच तंबाखूचं सांगतो, कारण तुम्ही लिहिलं आहे की तो दिवसाला एक बंडल बिडी ओढतो आणि "ओढल्यावर डोकं शांत होतं" म्हणतो. त्याला जाणवतं ते पूर्ण खोटं नाही. निकोटिनने ती दुसऱ्या टकेची लाट काही वेळ खरंच दबते, कारण निकोटिनला प्रतिसाद देणारा एक ग्राहक या गाळणीत काम करतो. पण परिणाम थोडाच वेळ टिकतो, मग पुढची बिडी. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. धुरातली डांबरी द्रव्यं यकृतातलं एक विकर (एन्झाइम) वाढवतात आणि ते ओलान्झापिन व क्लोझापिन ही या आजारावरची औषधं भराभर संपवतं. बिडी एकदम बंद केली, उदाहरणार्थ दवाखान्यात भरती झाल्यावर, तर आठवडाभरात तोच डोस अंगात दीडपट किंवा त्याहून जास्त होऊन बसू शकतो. क्लोझापिनवर तर ते धोक्याचं ठरतं. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. म्हणून मिश्री, गुटखा, तंबाखू-चुना यांनी ही गडबड होत नाही, त्यांचे बाकीचे तोटे आहेतच. तेव्हा बिडी सोडवायची असेल तर जरूर सोडवा, पण आधी डॉक्टरांना सांगून. गणपतीत घरात बिडी चालणार नाही म्हणून दहा दिवसांसाठी परस्पर बंद, असं करू नका.

मुंबईच्या तपासणीबद्दल सरळ सांगतो: यासाठी नेऊ नका. वर सांगितलेले सगळे फरक गटांच्या सरासरीचे आहेत. शंभर रुग्ण आणि शंभर निरोगी माणसं घेतली तर दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळतात, त्यामुळे एका माणसाच्या आलेखावरून निदान होत नाही, उपचारही ठरत नाही. शिवाय तक्रार आणि आलेख यांची जोडी नेहमी जुळत नाही. "सगळं आत येतं" म्हणणाऱ्याचा पी-५० उत्तम असू शकतो आणि उलटही. ही मोजमापं संशोधनासाठी आहेत. साधा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, डॉक्टर सांगतात तो बहुतेकदा फिट्सचा आजार नाही ना हे बघायला. तो नॉर्मल आला म्हणून भावाचा त्रास खोटा ठरत नाही.

तपासणीचा पैसा आणि एसटीचे बारा तास वाचवून त्याऐवजी काही साधी कारणं नाहीत ना, हे इथेच तपासून घ्या. कानात मळ घट्ट बसला आहे का, कानात सतत सूं आवाज येतो का. झोप किती होते, कारण निरोगी माणसालाही एक रात्र पूर्ण जागवलं तर दचकणं आवरण्याची त्याची ताकद दुसऱ्या दिवशी कमी भरते. चहा किती होतो. अर्धशिशी आहे का. आणि सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: तो आवाजाने उठून जातो की त्याला मुळातच बसवत नाही? काही गोळ्यांनी, विशेषतः सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत, पायांत अशी वळवळ सुरू होते की माणूस एका जागी थांबू शकत नाही, येरझाऱ्या घालतो, उभ्या उभ्या पाय बदलतो. तो "आवाज सहन होत नाही" म्हणेल, पण शांत खोलीतही बसणार नाही. याला उपाय आहे, डॉक्टरांना कळलं पाहिजे एवढंच. नजरेला माणसं-प्राणी दिसू लागले, ताप आला, बरळणं सुरू झालं किंवा रोजची दारू अचानक सुटली असेल, तर मात्र हा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरातले बदल कोणते, हे थोडं त्याच्यावर अवलंबून आहे. काहींना अचानक आवाज नको असतो, काहींना एकावर एक चढलेले आवाज, काहींना विशिष्ट एखादाच. भावाला विचारा, आणि शांत वेळी विचारा, मिक्सर चालू असताना नाही. माझा सर्वसाधारण नियम मात्र एक आहे: आवाज कमी करण्यापेक्षा त्याचा अंदाज येऊ द्या आणि एका वेळी एकच चालू ठेवा. मिक्सर लावण्याआधी "मिक्सर लावतेय" म्हणा, दोन-तीन सेकंद थांबा, मग लावा. खाली जाड घडी घातलेलं फडकं ठेवा. जमलं तर तो मागच्या पडवीत हलवा. टीव्ही चालू असताना बोलायचं असेल तर आधी टीव्ही बंद. एकाच माणसाने, समोर येऊन, नाव घेऊन, एकच वाक्य बोलायचं आणि मनात पाचपर्यंत मोजायचं. उत्तर आलं नाही तर तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा. शब्द बदलले की त्याच्यासाठी काम पहिल्यापासून सुरू होतं. स्वयंपाकघरातून ओरडून दिलेली हाक पोचली नाही, तर ती दिलीच नाही असं धरा.

कानात बोळे घालून दिवसभर बसवू नका. लिलावापुरते, फटाक्यांपुरते ठीक. सतत कान झाकले तर मेंदू बाहेरच्या आवाजाची पातळी आतून वाढवून घेतो आणि काढल्यावर साधं भांडंही आदळल्यासारखं लागतं. शिवाय पूर्ण शांततेत काहींचे भास वाढतात. एकसुरी खरखरीतही वाढतात, कारण अर्थ नसलेल्या आवाजातून बोलणं ऐकायची प्रवृत्ती या आजारात जास्त असते. पंख्याचा घरघराट, पंपाचा आवाज, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात पत्र्यावर तासन् तास कोसळणारा पाऊस. भावाचं जुलैत बिघडतं असं तुम्ही लिहिलं आहे. त्याला गोळ्या चुकणं, ओल्या रस्त्यांमुळे दवाखाना लांबणं अशीही कारणं असतील, पण ही गोष्टही मनात ठेवा. पत्र्याखालच्या खोलीतून कौलांखालच्या खोलीत झोपायला हलवून बघा. पावसात एका कानाला ओळखीचं बोलणं किंवा भजन बेताच्या आवाजात लावू द्या, किंवा त्याला मोठ्याने वाचू द्या, गुणगुणू द्या. तोंड स्वतः कामात असलं की अनेकांचे भास तेवढा वेळ मागे हटतात. लाइट जाते तिथे मोबाइल चार्ज करून ठेवणं हाही उपचारच समजा.

आता गणपती. त्याला बाजूला ठेवा असं मी म्हणणार नाही, आणि "सणाला सगळ्यांत बसलंच पाहिजे" असंही नाही. आरती ही खरं तर त्याच्या मेंदूला सोपी गोष्ट आहे. झांजा जोरात असतात, पण ताल ठरलेला, शब्द पाठ, शेवट कधी येणार ते माहीत. अवघड असतो तो आरतीनंतरचा अर्धा तास, प्रसाद, हसणं, चार खोल्यांत चार गप्पा, पोरांचा दंगा. म्हणून आरतीला असू दे, त्यानंतर काम द्या. पत्रावळ्या मोजणं, विहिरीवरून पाणी, मागे नारळ सोलणं. दुर्वा निवडणं, वाती वळणं, ही हाताला ताल असलेली कामं दिवसाही चालतील. आरतीत झांज त्याच्याच हातात देऊन बघा. स्वतः काढलेला आवाज काहींना सोपा जातो, पण वर लिहिलं तसं या आजारात ती दाबणीच कमी असू शकते. म्हणून आधी घरात दोन संध्याकाळी चाचणी घ्या. बसायला जागा दाराजवळची, पाठ भिंतीला, स्पीकरपासून लांब.

एक खोली त्याची. तिथे चाकरमान्यांच्या बॅगा नाहीत, पोरांची झोपायची सोय नाही. घरात जागा नसेल तर शेजारच्या काकांकडे पडवी मागून ठेवा, पण ती आधी ठरलेली हवी आणि त्याने जाऊन बघितलेली हवी. निघून जाण्यासाठी एक शब्द ठरवा. त्याने तो म्हटला की कोणी "काय झालं, काय झालं" करत मागे जायचं नाही. अर्ध्या तासाने एकाच माणसाने बघून यायचं. मुंबईहून येणाऱ्यांना गाडीत बसायच्या आधी फोनवर सांगा: एकेकाने भेटा, "आता बरा आहेस ना" हे दहा जणांनी दहा वेळा विचारू नका, पाठीवर मागून थाप मारू नका, गावच्या भजनानंतर त्याला पाजू नका. रात्री भजनं वाडीभर फिरतात, तेव्हा जागरण एखाद्या रात्रीपुरतं आणि तेही त्याला हवं असेल तर. लागोपाठ दोन रात्री नाही. गोळीची वेळ बदलायची नाही. गोळ्या सण संपून पुढे आठवडाभर पुरतील एवढ्या आताच आणून ठेवा. विसर्जनाला ढोल आणि फटाके एकत्र येतात. मिरवणुकीतून चालण्याऐवजी त्याला एकासोबत आधीच किनाऱ्यावर पाठवा, म्हणजे गर्दी त्याच्याकडे हळूहळू, दिसत-ऐकू येत येईल.

देवाला गाऱ्हाणं घालायचं घरच्यांच्या मनात आहे, तर घाला. कोणी बाधा सांगून गोळी थांबवायला सांगितली, तर तेवढं ऐकू नका.

पुढच्या भेटीसाठी आजपासून दोन आठवडे वही ठेवा. रोज एक ओळ: किती तास झोप, किती बिड्या, किती चहा, गोळी चुकली का, कोणत्या आवाजाने उठला, परत यायला किती वेळ लागला, आणि शेजारी वेगळ्या रकान्यात भास होते का. येरझाऱ्या असतील तर त्यांची वेळ. दोन मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना या वहीतून जेवढं कळेल तेवढं तुमच्या सांगण्यातून कळणार नाही. भास काही करायला हुकूम देऊ लागले, जगणं नको म्हणू लागला किंवा दोन रात्री मुळीच झोपला नाही, तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालय आणि रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय तुम्हाला मुंबईपेक्षा जवळ आहेत. वहीत आणखी एक रकाना माझ्यातर्फे घाला: कोणता आवाज त्याला चालला. त्या रकान्यात काही ना काही येतंच, आणि गणपतीतलं त्याचं काम त्यावरून ठरवा.